बीमवर काय काय आहे

नवीन राज्य झालं तेव्हा रायपुरात घरं थोडी आणि साहेब फार, अशी अवस्था झाली. भोपाळहून गाड्या यायच्या. पहिल्या डब्यात साहेब, दुसऱ्या डब्यात साहेबांची टेबलं आणि मागच्या अठरा डब्यांत नुसत्या फायली. मी वाढवून सांगत नाही. तुमचा विश्वास बसावा म्हणून चार डबे कमीच केले आहेत. बसायला जागा नव्हती, म्हणून सरकारी खाती लोकांच्या घरांत शिरली. एक खातं लग्नाच्या हॉलमध्ये, एक तांदळाच्या गोदामात. एका खात्याची पाटी दातांच्या दवाखान्याच्या पाटीखाली लटकायची, आणि दाढ काढायला आलेला एक माणूस बदलीचा अर्ज देऊन घरी गेला म्हणतात. दाढेचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

मग ज्याच्या डोक्यावर छत होतं त्याला त्या छतावर आणखी एक छत हवं झालं. वर मजला चढवायचा आणि खात्याला भाड्यानं द्यायचा. मजला चढवायचा तर बीम केवढा, सळया किती, हे सांगणारा कुणीतरी हवा. तो कुणीतरी मी होतो.

तसा मी समता कॉलोनीत एका कन्सल्टंटकडे ड्राफ्ट्समन. डिप्लोमा झालेला. दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन साहेब व्हायचं. माझं गणित तोंडी चालायचं. मिस्त्री विचारायचा, "भैया, बीम कतका?" म्हणजे केवढा. मी जिना चढता चढता डोळे अर्धे मिटायचो (हे लागतं, त्यानं घरमालकावर छाप पडते) आणि तिसऱ्या पायरीवर उत्तर तयार. कॅल्क्युलेटर खिशात असायचा, पण तो बिचारा लाजेनं कधी चालूच झाला नाही. अगदी लिहायची वेळ आली तर लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट. त्यावर फक्त उत्तर. उत्तराच्या आधीचं लिहून ठेवणं म्हणजे जेवण झाल्यावर चावलेले घास मोजत बसणं, असं माझं मत होतं, आणि ते मी लोकांना ऐकवायचो.

बुढापारा मोहल्ल्यातलं ताईचं घर मी असंच वाढवलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी रेल्वेत गार्ड. महिन्यातले वीस दिवस ते गाडीच्या शेवटच्या डब्यात. घरात ताई आणि तिच्या दोन मुली. खाली समोरचा हॉल वीस फुटांचा. त्यात ताईचा शिवणक्लास चालायचा, आणि उन्हाळ्यात कूलर तिथंच म्हणून तिघी झोपायच्याही तिथंच.

"मधात खांब नको हं बापू," ताई म्हणाली होती. "मशीना कुठं ठेवू मी? पोरी कापड पसरतात."

"ताई, तू फक्त सांग. वीस फूट काय, चाळीस फूट देतो बिना खांबाचं."

वीस फूट दिलं. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकच बीम, मधे काही नाही. गल्लीतली माणसं बघायला आली. वर मजला झाला. माझ्या डोक्यात होतं की वर एखादं कुटुंब राहील: पलंग, फ्रीज, चार माणसं. प्रत्यक्षात आलं एक खातं. खात्याचे बडे बाबू खूश झाले, कारण एवढी मोठी मोकळी खोली त्यांना अख्ख्या राजधानीत मिळाली नव्हती. मग बूढा तालाबाच्या रस्त्यावर ट्रक उभा राहिला. गल्लीत तो शिरेना, म्हणून हातठेल्यांवर फायली आल्या. कपाटं आली. कपाटांच्या वर गठ्ठे गेले, गठ्ठ्यांच्या वर पंखा जेमतेम फिरायचा. त्यातल्या काही फायली इतक्या जुन्या होत्या की त्यांत कुण्या राजाच्या हत्तीची रजा मंजूर व्हायची बाकी असावी.

एका रविवारी ताईनं मला हॉलमध्ये उभं केलं आणि वर बोट दाखवलं.

"पाह्य बरं. केस आहे का भेग आहे?"

बीमच्या बरोब्बर पोटात, मधोमध, खालून वर चढत गेलेली एक बारीक रेघ होती. मी स्टुलावर चढलो, अंगठ्यानं घासली. पुसली गेली नाही.

"प्लास्टर आहे. गरमीनं तडकते."

"मग तू घामानं काहून भिजला?"

"गरमीनंच."

घरी आलो आणि पाकीट शोधलं. आठ वर्षांपूर्वीची विजेची बिलं सापडली, एका मेलेल्या पालीचा सांगाडा सापडला, आणि शेवटी पाकीट. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "६ सळया वीसच्या. ओके." खाली सही. बस. मी कोणतं वजन धरलं होतं? छत किती जाड धरलं? त्या दिवशी मी तिसऱ्या पायरीवर काय विचार केला होता? काही केल्या आठवेना. ते उत्तर माझ्याकडे असं बघत होतं जसा स्टेशनवरचा अनोळखी माणूस बघतो. जेवण गेलं नाही, आणि मी जेवलो नाही ही गोष्ट माझ्या घरात आजही लोक तारीख लक्षात ठेवायला वापरतात.

गुढियारीत एक काका राहायचे. रेल्वेच्या पुलांच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे अकोल्याकडचे. मी त्यांच्या मागे त्यांची चेष्टा करायचो, कारण ते कोंबड्यांचं खुराडं बांधायचं तरी सात पानं लिहायचे. दारात मी "जय भीम काका" म्हटलं आणि पाकीट पुढे केलं.

त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. आतून कुंकू सांडलं.

"हे काय हाये?"

"उत्तर आहे काका."

"अन् प्रश्न कुठं हाये?"

मी सगळं सांगितलं. अर्ध्यातच त्यांनी चपला घातल्या. माझ्या स्कूटरवर बसून बुढापाऱ्यात आले, हॉलमध्ये उभं राहून बराच वेळ वर बघितलं, मग ताईकडे एक जुनी फोटोफ्रेम मागितली. तिच्या काचेची बोटाएवढी पट्टी कापली आणि भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवली.

"बाई, ही काच साबूत राह्यली तं भेग जुनी हाये, थांबली हाये. तुटली तं समजा बीम अजून वाकून राह्यला. पोरीयले घेऊन मागच्या खोलीत झोपा. क्लास बंद." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तू आजच लाकडाच्या बल्ल्या लाव खालून, टेकू म्हणून."

आता इथे मी जे केलं ते सांगायला मला आवडत नाही. मी त्यांना बाजूला घेतलं. "काका, बल्ल्या ठोकल्या की वरचे घाबरतील, पूर्ण मोहल्ल्यात गाजावाजा होईल. दोन दिवस द्या. मी आधी गणित लिहून काढतो."

काकांनी मला खालपासून वरपर्यंत मोजलं. "दोन दिवस. खाली चिटपाखरू नाही पाहिजे. अन् लिहाचं तं मी सांगतो तसं."

त्यांची रीत अशी: फुलस्केप कागद उभा दुमडून तीन रकाने. मधल्या रकान्यात गणित, एका ओळीत एकच पायरी. उजवीकडे उत्तर, आणि उत्तराच्या मागे किलो की मीटर ते लिहिल्याशिवाय हात उचलायचा नाही. डावा रकाना सगळ्यांत अरुंद आणि सगळ्यांत वाईट: हा आकडा आला कुठून. मागच्या पानावरून आला तर पानाचा नंबर. बाहेरून आला तर तीन अक्षरांपैकी एक. 'मो' म्हणजे मोजलं. 'ठ' म्हणजे ठरवलं. 'ऐ' म्हणजे कुणाकडून तरी ऐकलं. आणि ज्या गणितात एकही 'ऐ' शिल्लक आहे, त्याखाली काका सही करत नसत.

शिवाय पहिल्या पानावर गणित नाहीच. पहिल्या पानावर साध्या मराठीत यादी, बीमवर काय काय बसलं आहे त्याची.

"इंजिनियरले कसंही लिहिलं तरी समजते," काका म्हणाले, "अन् नाही समजलं तरी तो मान हालवते. ज्याच्या डोक्यावर बीम हाये त्याले वाचता आलं पाहिजे."

मी ऑफिसात ताप आल्याचं कळवलं. खोटं नव्हतं, आला असता. गुढियारीतल्या त्या खोलीत, बाहेर मालगाड्या शंटिंग करताहेत, आत पंखा गरम हवा ढकलतोय, आणि मी लिहितोय. ज्या गणिताला मला तीन पायऱ्या लागायच्या त्याला दोन दिवस लागले. पहिलं पान परत आलं.

"छत पाच इंच. कोणं सांगतलं?"

"मीच ठरवलं."

"ठरवलं का मोजलं?"

स्कूटर काढून बुढापाऱ्यात. जिन्याच्या कापलेल्या कडेला फूटपट्टी लावली. साडेपाच. मिस्त्रीनं हात सैल सोडला होता. परत गुढियारी, 'ठ' खोडून 'मो'. पान परत.

"कपाटाचं वजन?"

"अंदाजे..."

"अंदाज म्हंजे ठ. ठ तं लिही, पण मग काहून ठरवलं ते बी लिही."

त्या दोन दिवसांत मी रायपुरातून गुढियारी-बुढापारा असा जो रस्ता घासला त्यावरून पुढे नवीन डांबर टाकावं लागलं. कागद फाटले, पेन संपलं. एकदा मी चिडून म्हणालो, "काका, ती काच तुटेपर्यंत माझा डावा रकानाच भरून होणार नाही." त्यांनी पुसलेलाच चष्मा परत पुसला, आणि मला कळलं की ते मला शिकवत नव्हते, घाबरले होते. मी पुढचा कागद उभा दुमडला.

आणि खरं सांगू, लिहिता लिहिता भीती वेगळीच झाली. तोंडी गणितात भीती एका जागी नसते, अंगभर असते. इथे ती एकेका ओळीत बसायला लागली. छत: इतकं. फरशी: इतकी. राहत्या घरासाठी जे वजन धरतात त्याच्या अडीचपट फायलींसाठी धरावं लागतं, हे वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं. पण मी मूळचाच भित्रा, बढाई मारून घरी आल्यावर दोन सळया जास्त टाकणारा. त्या जास्तीच्या सळयांनी हात दिला. सहाव्या पानावर सगळं वजन जमलं: बीमच्या दर मीटरवर तीन हजार चारशे वीस किलो. सातव्या पानावर बीम सोसू शकतो ते: तीन हजार पाचशे.

ऐंशी किलोनं पास. एका धडधाकट माणसाएवढ्या फरकानं.

काका त्या दुपारी पेन्शनच्या कामाला गेले होते. मी थांबलो नाही. 'सुरक्षित' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि स्कूटर काढली. बुढापाऱ्याच्या तोंडाशी दुसरा ट्रक उभा होता, आणि गल्लीत फायलींचे ठेले एकामागे एक चालले होते. मी त्यांच्यामधून स्कूटर काढत ताईच्या दारात पोचलो, ओरडलोच, "ताई! पास!"

ताई दारात उभी होती. एका हातात झाडू. दुसऱ्या हाताची मूठ तिनं उघडली. तिच्यात काचेचा एक तुकडा होता.

"दुसरा वरतीच चिकटून आहे," ती म्हणाली. "आता झाडून राह्यली होती तं पायाखाली आला."

"तू आत कशाला गेली? काकांनी सांगितलं होतं ना..."

"ते राहू दे. तुटली म्हंजे काय सांगतलं होतं काकानं?"

"काच कच्ची असेल. फोटोच्या काचेत काय दम..." माझं तोंड आपोआप बोलत होतं, सवयीनं. ताईनं माझ्या हातातून कागद घेतले आणि ओट्यावर बसली.

ती आठवी शिकलेली. ब्लाउजचं माप मात्र एका नजरेत घेते. पहिलं पान तिनं ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. "वरचं छत, साडेपाच इंच. मोजलं. त्याच्यावरची फरशी. मोजलं. बीमचं सोताचं वजन. फायलीची कपाटं अन् गठ्ठे. माणसं, टेबल-खुर्च्या." तिनं पान उलटवलं, परत पहिल्या पानावर आली. "अन् भिंत?"

"कोणती भिंत?"

"बाबू बसतात तिकडं अन् फायली ठेवतात इकडं, मधात भिंत घातली नाही का त्यायनं? तुह्या यादीत नाही ते."

मी तिच्या हातातल्या पानावर वाकलो.

"ती... मिस्त्रीनं घातली असेल. मला कुणी विचारलं नाही."

"तुलेच तं विचारलं. जिन्यात पोहे खाऊन राह्यला होता तू."

बरोबर आहे. इतका वेळ मी तुम्हालाही सांगितलं नाही. खातं आलं त्या आठवड्यात त्यांना मधे आडोसा हवा होता. मिस्त्रीनं वरून विचारलं, "भैया, दीवार इहें उठा देंव का?" मी तोंडात पोह्यांचा घास, बशी एका हातात, वर गेलो, आणि खडूनं फरशीवर रेघ मारून दिली. "हव, उठा दे." रेघ मारली बीमच्या नेमकी वर. का, तर खालचा बीम कुठून जातो ते मला पाठ होतं आणि त्याच्या अंदाजानं रेघ छान सरळ आली. सगळे म्हणाले, काय सरळ रेघ आहे. विटांची अख्खी भिंत मी माझ्या बहिणीच्या डोक्यावर पोहे खाता खाता ठेवली, आणि विसरलो.

"लिही," ताई म्हणाली.

मी यादीत सहावी ओळ लिहिली: भिंत. डाव्या रकान्यात 'ऐ' लिहून उठलो, कारण ऐकलेल्यावर चालणार नव्हतं. टेप घेऊन वर गेलो. कधी नव्हे ते मी जिन्यावर पाय हलके टाकत होतो, जसं काही माझ्या साठ किलोंनीच बीम पडणार होता. वर बडे बाबू त्याच भिंतीला खुर्ची टेकवून चहा पीत होते.

"क्या नाप रहे हो भैया?"

"पंखा लगाना है, साहब. आपके सिर पे."

"अरे वाह."

जाडी साडेचार इंच. उंची दहा फूट. प्लास्टर दोन्ही बाजूंनी. त्या भिंतीच्या पायाशी, फरशीवर, भिंतीला समांतर एक चीर होती. त्यांनी त्यावर कॅलेंडरचा कागद चिकटवला होता.

खाली आलो, 'ऐ' खोडून 'मो' केलं. आता हात चालेना. आकडे दिसत होते पण कुठे जायचं सुचत नव्हतं, आणि ताई माझ्या शेजारी बसून रकान्यांतून मला वाट दाखवत होती. "हे सहा नंबर पानावर जाते. इथं लिहिलं आहे, 'पान दोनवरून'. मग दोनवर पहिले लिही ना." दोन बदललं. सहा बदललं. बाकीच्या पानांना हात लावावा लागला नाही. दोन दिवसांचं गणित, दहा मिनिटांत नव्यानं झालं.

"किती?"

"चार हजार सत्तर."

तिनं सातवं पान समोर धरलं. "अन् सोसते साडेतीन."

"तसं नसतं ताई, पुस्तकात थोडी शिल्लक ठेवलेली असते, एकदम काही..."

"मले पुस्तक नको सांगू. आता, या घडीले, माह्या पोरी या हॉलमधी येऊ शकतात का?"

माझ्याजवळ त्या वेळी बोलण्यासारखं खूप होतं. मी कधीच शब्दांना कमी पडलेलो नाही.

"नाही," मी म्हणालो.

ताई उठली. मागच्या दारानं दोन्ही मुलींना शेजारणीकडे पाठवलं, पदर खोचला, कागद घेतले आणि गल्लीत जाऊन पहिल्या ठेल्यासमोर उभी राहिली. ठेलेवाला थांबला. त्याच्यामागचा थांबला. पार तलावापर्यंत रांग थांबली. बडे बाबू धापा टाकत खाली आले.

"बहनजी, ये क्या है? ऊपर से आदेश है, आज ही चढ़ाना है सब."

"मुझे भी ऊपर का ही डर है," ताई म्हणाली. "ये पढ़ो."

"अब आप हमको बीम पढ़ाओगी?"

"पहला पन्ना पढ़ो. फिर छठवाँ. फिर सातवाँ."

बाबू आधी हसले. मग चष्मा काढून कागद हातात घेतला. मराठीतले शब्द अडले की ताई सांगायची: भिंत मतलब दीवार, कपाट मतलब आलमारी. तो माणूस आयुष्यभर फायली वाचत आलेला. कोणताही आकडा कुठून आला ते न विचारता त्यानं कधी पुढची ओळ वाचली नसेल. त्यानं खिशातून पेन काढलं आणि सहाव्या पानाच्या समासात सगळी बेरीज स्वतः पुन्हा केली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बेरीज तीच आली.

"ये जो दीवार है," तो हळूच म्हणाला, "मेरी कुर्सी के पीछे वाली?"

"हव," ताई म्हणाली.

त्या एका शब्दावर खातं हललं. राज्य बनायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात बडे बाबूंनी आदेश फिरवला. पण वरच्या फायली उतरवायच्या तर माणसं वर जाणार, म्हणजे वजन आणखी वाढणार. म्हणून आधी बल्ल्या. मी मिस्त्रीला गाठलं. तो रिक्षात बल्ल्या टाकून आला, आणि त्या हॉलमध्ये, त्या भेगेखाली, आम्ही दोघंच उतरलो. तो बल्ली उभी धरायचा, मी खालून लाकडी पाचर ठोकायचो. हळू ठोकलं तर बल्ली बसत नाही, जोरात ठोकलं तर वर काय होईल देव जाणे. पहिल्या ठोक्याला वरून धूळ पडली. माझ्या तोंडात गेली. मी थुंकलो नाही, हलायलाच नको म्हणून.

"भैया, गोड़ झन कँपाव," मिस्त्री म्हणाला. पाय कापू देऊ नका.

"मी नाही कापत. जमीन कापते आहे."

दहा बल्ल्या लागल्या. दहावी बसली आणि मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मग संध्याकाळपर्यंत फायली उतरल्या. एकेक हमाल जिना चढायचा आणि मी मनात मोजायचो: सत्तर किलो आला, सत्तर गेला, पंचावन्नचा आला, गठ्ठ्यासह नव्वद गेला. माझं तोंडी गणित आयुष्यात इतकं बरोबर कधी चाललं नव्हतं, आणि कुणाच्या कामाचं नव्हतं.

काका संध्याकाळी आले. पहिल्या पानावरची सहावी ओळ वाचून त्यांनी विचारलं, "हे कोणं सांगतलं?" मी ताईकडे बोट केलं. डाव्या रकान्यात माझ्या 'मो'च्या शेजारी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: 'घरमालकीण'. 'सुरक्षित' या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि मग खाली सही केली. मग कागद माझ्या नाही, ताईच्या हातात दिले.

खातं दुसरीकडे गेलं. भिंत आम्ही वरून एकेक वीट काढून उतरवली. भेग भरली, बल्ल्या काढल्या आणि भेगेवर नवी काच लावली. ती महिनाभर जशीच्या तशी राहिली. मी पुन्हा सातही पानं लिहिली: फायली नाहीत, भिंत नाही, वर कुणीच नाही. बीमवर आता जे होतं ते त्याच्या ताकदीच्या निम्म्याहून थोडंच जास्त. डाव्या रकान्यात एकही 'ठ' नाही, एकही 'ऐ' नाही. काकांनी या वेळी पहिल्या वाचनात सही केली. भाऊजी ड्यूटीवरून आले होते. त्यांनी कागद बघितला आणि "ठीक आहे" म्हणाले, ते मान हलवणाऱ्यांपैकी.

ताईनं तो ठेवून घेतला. दोन दिवस शिवणाच्या मशीनवर कात्रीखाली दाबून ठेवलेला दिसायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तर ती एकटीच आपला पलंग ओढत हॉलमध्ये आणत होती. मी दुसरी बाजू धरली. पलंग बीमच्या खाली, होता तिथंच ठेवला. तिनं चादर घातली, उशी ठोकून बसवली, एकदा वर बघितलं.

"बरोबर लिहिलं आहे तू," ती म्हणाली. "मी सगळं वाचलं."

मी मागच्या खोलीत गेलो आणि मुलींच्या गाद्या गुंडाळायला लागलो.

"ते नको आणू," ताई तिकडून म्हणाली. "पोरी झोपतील तिथंच."

मी गादी उलगडून परत जागेवर घातली.